बारेसी की माल्दिनी?

रात्रीची जेवणे आटोपली की आमच्या घरी वाद ठरलेला. इटलीच्या एसी मिलान क्लबचा सर्वश्रेष्ठ मधला बचावपटू कोण? मुलगा पाओलो माल्दिनीचा भक्त. "बाबा, 902 सामने, पाच युरोपियन करंडक! आणखी काय हवं तुम्हाला?"

माल्दिनी थोरच, पण त्याची मूळ जागा डाव्या बगलेची. मधली जागा खरी फ्रँको बारेसीची. उंची बेताची, पण प्रतिस्पर्ध्याची चाल आधीच ओळखायचा. त्याच्यामागोमाग सारी बचावफळी एकदम पुढे सरकायची आणि समोरचा ऑफसाइड ठरायचा. 1993-94 च्या इटालियन लीगमध्ये मिलानने 34 सामन्यांत फक्त 15 गोल स्वीकारले.

मुलाकडे याचेही उत्तर असते. त्याच मोसमातल्या युरोपियन अंतिम सामन्याला बारेसी आणि कोस्ताकुर्ता निलंबनामुळे मुकले. मधली जागा माल्दिनीने सांभाळली आणि मिलानने बार्सिलोनाला 4-0 हरवले! इथे मला गप्प बसावे लागते.

तरी माझे मत बदलत नाही. 1980 आणि 1982 मध्ये मिलान दुसऱ्या श्रेणीत घसरला. 1982 च्या विश्वविजेत्या इटली संघात असलेला बारेसी क्लब सोडून गेला नाही; पुढच्याच मोसमात तो दुसऱ्या श्रेणीत खेळला. करंडक मोजता येतात, पडत्या काळातली साथ कशी मोजणार?

क्लबने मात्र बारेसीची 6 आणि माल्दिनीची 3 क्रमांकाची, दोन्ही जर्सी मानाने निवृत्त केल्या.

"साकु बिड्री!" आतून सौ.चा आवाज येतो. सामना बरोबरीत सुटतो, उद्यापर्यंत.