सर्व्हर बसला, पण सापडेना

व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू सर्व्हर बसवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. आयएसओ फाइल उतरवायची, नवी मशीन तयार करायची, विचारलेल्या प्रश्नांना एंटर मारत जायचं. थोड्या वेळात काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ हजर. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते आणि तिचा दोष सगळा लिनक्सच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात बहुतेक भानगडी असतात आपला कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटातली व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) यांच्यामधल्या भिंतीच्या.

'यासाठी तगडा कॉम्प्युटर लागतो' हा समज आधी निकालात काढू. सर्व्हर आवृत्तीत डेस्कटॉप नसतो. सरावाला 2 जीबी रॅम आणि 25 जीबीची डिस्क पुरते, आणि ती डिस्कही पहिल्याच दिवशी जागा अडवत नाही. तिची फाइल लागेल तशी फुगते. (आतल्या फाइली पुसल्या म्हणून ती आपोआप आक्रसत मात्र नाही.) प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय तेवढी बायॉसमध्ये चालू हवी. विंडोजवर सगळं रखडत चाललं असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतंय का बघा. दिसलं, तर प्रोसेसरचा ताबा विंडोजच्या हायपर-व्हीकडे आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. अशा वेळी रॅम वाढवून काही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा गैरसमज वेगळाच आहे: 'आयपी पत्ता मिळालाय, म्हणजे आता एसएसएचने जोडता आलंच पाहिजे.' आत लॉगिन केलं की पत्ता दिसतो 10.0.2.15. इंटरनेट चालतं, अपडेट उतरतात. बाहेर येऊन विंडोजच्या टर्मिनलमधून त्याच पत्त्यावर जावं, तर कर्सर नुसता लुकलुकत राहतो. मग माणूस फायरवॉल उचकटतो, एसएसएच काढून पुन्हा बसवतो, शेवटी सगळी मशीनच पुसून नव्याने सुरुवात करतो. नवीन मशीनलाही पत्ता मिळतो 10.0.2.15!

यात बिघाड काहीच नाही. व्हर्च्युअलबॉक्स मुळात नेटवर्क नॅट पद्धतीने जोडतो. या पद्धतीत प्रत्येक मशीनला स्वतःचं एक बंदिस्त खासगी नेटवर्क मिळतं, म्हणून दोन मशीनना तोच पत्ता मिळाला तरी टक्कर होत नाही. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. उपाय दोन. एक, पोर्ट फॉरवर्डिंग: आपल्या कॉम्प्युटरचं 2222 नंबरचं पोर्ट मशीनच्या 22 नंबरच्या पोर्टकडे वळवायचं आणि एसएसएच करताना पत्ता 127.0.0.1, पोर्ट 2222 द्यायचं. दुसरा, ब्रिज्ड अडॅप्टर: यात मशीनला घरच्या राउटरकडूनच स्वतंत्र पत्ता मिळतो. शिकणाऱ्याने पहिला उपाय धरावा असं माझं मत आहे, कारण ब्रिज्ड पद्धत वायफायवर, त्यातही कॉलेज-ऑफिसच्या वायफायवर, बरेचदा रुसते. आणि हो, उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये ओपनएसएसएचची चौकट आपण टिक केल्याशिवाय टिक होत नाही. ती सुटली असेल तर पोर्ट कितीही वळवा, पलीकडे दार उघडायला कोणी नाही.

'डिस्क 25 जीबीची दिली, सर्व्हर निम्मीच दाखवतो, म्हणजे इन्स्टॉलेशन फसलं.' नाही फसलं. उबुंटूचा इन्स्टॉलर एलव्हीएम वापरतो आणि या मापाच्या डिस्कवर मुख्य विभागाला साधारण अर्धीच जागा देतो. उरलेली मोकळी ठेवतो, पुढे दुसरा विभाग काढायचा झाला तर असावी म्हणून. ती एलव्हीएक्सटेंडच्या एका कमांडने चालू सर्व्हरवरच जोडून घेता येते, रीस्टार्टसुद्धा लागत नाही. सरावाच्या मशीनवर ही काटकसर कशाला, हे मला अजून पटलेलं नाही.

'स्नॅपशॉट घेतलाय, बॅकअपची काळजी नाही.' हा समज मात्र महागात पडतो. स्नॅपशॉट घेतल्यावर जुनी डिस्क फाइल गोठवली जाते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. म्हणजे स्नॅपशॉट ही नक्कल नव्हे. मूळ फाइल बिघडली की तोही गेला. शिवाय दोन्ही फाइली सहसा एकाच हार्ड डिस्कवर असतात. सेटिंगशी खेळण्याआधी स्नॅपशॉट जरूर घ्या. जपायचा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

'व्हीएम बंदिस्त असते, तिला काय होणार?' 2015 साली व्हेनम नावाची त्रुटी उघड झाली. ती होती आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये, झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्सलाही लागू, आणि तिच्यातून मशीनच्या भिंतीबाहेर पडण्याची वाट निघू शकत होती. फ्लॉपी कोण वापरत होतं 2015 मध्ये! अशा त्रुटी क्वचित सापडतात. कच्चा पासवर्ड मात्र गल्लोगल्ली सापडतो. ब्रिज्ड मशीन नेटवर्कवर इतर कॉम्प्युटरसारखीच उघडी असते आणि उबुंटूतली यूएफडब्ल्यू फायरवॉल आपण चालू करेपर्यंत बंदच असते. चालू करताना आधी एसएसएचला परवानगी द्या, मग फायरवॉल लावा. क्रम चुकला तर पुढच्या वेळी एसएसएचने आत शिरता येत नाही. व्हीएमला निदान व्हर्च्युअलबॉक्सचा पडदा असतो. भाड्याच्या सर्व्हरवर हीच चूक झाली तर कंपनीचा वेब कन्सोल शोधत बसावं लागतं.

शेवटचा, जरा खोलातला: 'क्लोन म्हणजे नवी मशीन.' ब्रिज्ड नेटवर्कवर क्लोन चालू केला आणि दोघांना एकच आयपी मिळाला, असं उबुंटू सर्व्हरवर हटकून होतं. मॅक पत्ता बदलला तरी होतं, कारण राउटरला दिली जाणारी ओळख मशीन-आयडी या फाइलीवरून बनते आणि तीही जशीच्या तशी क्लोन झालेली असते. क्लोनमधली ती फाइल रिकामी करून मशीन रीस्टार्ट केली की नवा आयडी तयार होतो. एसएसएचच्या होस्ट की सुद्धा दोघांच्या सारख्याच असतात. त्या वेगळ्याने नव्या कराव्या लागतात.