तांबडे पडणारे पाणी

गावात नवी विंधण विहीर होते, हातपंप बसतो आणि पाणी स्वच्छ येते. परंतु घागर घरी नेऊन ठेवली की काही वेळाने तिच्यात तांबूस गढूळपणा येतो. अशा पाण्याने चहा काळा पडतो, भाताचा रंग बिघडतो, पांढऱ्या कपड्यांवर डाग राहतात. मग ‘हे पाणी वाईट’ असे ठरून बायामाणसे पुन्हा नाल्याची वाट धरतात. खरा धोका येथेच आहे. एवढ्याशा लोहाने सहसा कोणी आजारी पडत नाही. नाल्याच्या पाण्याने मात्र हगवण, कावीळ व विषमज्वर गावात शिरतात.

कोकणातील जांभ्याच्या पट्ट्यात आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे काही ठिकाणी ही तक्रार आढळते. जमिनीच्या पोटात खोलवर हवा पोचत नाही, म्हणून तेथे लोह पाण्यात विरघळून राहते व दिसत नाही. पाण्याला हवा लागली की त्याचा गंज बनून खाली बसतो. उघड्या विहिरीत हे काम पुष्कळसे आपोआप होते. विंधण विहिरीत ते होत नाही.

लिटरमागे सुमारे 0.3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह असले की कपड्यांना डाग पडू लागतात. गावच्या गावी ओळख पटवावयाची तर पेलाभर पाण्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाकावी. पाणी निळसर काळे झाले तर लोह आहे असे समजावे. जुन्या काळी हिरडा व लोखंड यांपासून शाई करीत, तोच हा प्रकार. नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच कळेल.

खर्चाला हात घालण्यापूर्वी ग्रामसेवकाने एक गोष्ट अवश्य पाहावी. सकाळच्या पहिल्या बादल्या तांबड्या आणि बराच वेळ पंप मारल्यावर पाणी निवळ येत असेल, तर दोष बहुधा जमिनीचा नसून नळाचा आहे. पाण्याचा सामू 6.5 पेक्षा कमी असला की जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ आतून गंजतात. तेथे गाळणी बांधण्यापेक्षा प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे नळ घालणे शहाणपणाचे. दिवसभर उपसूनही पाणी तसेच राहिले तर लोह भूगर्भातून येते आहे, असे धरावे.

उपाय साधा आहे. एका भांड्याच्या बुडाला बारीक छिद्रे पाडून त्यातून पाणी धारांनी, हातभर उंचीवरून, खालच्या पिंपात पडू द्यावे. दोन-तीन वेळा असे करून पाणी रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी तळाचा साका न ढवळता वरचे पाणी रेतीच्या गाळणीतून काढावे. गाळणीत खाली बारीक खडी व वर नदीच्या धुतलेल्या जाडसर रेतीचा सुमारे दोन फूट थर असावा. सामू कमी असेल तर साका फार सावकाश बनतो. अशा ठिकाणी पाणी प्रथम चुनखडीच्या खड्यांवरून वाहू द्यावे. हातपंपाला जोडून बांधावयाची लोह-निवारण टाकीही याच तत्त्वावर चालते. या गाळणीने फ्लोराइड जात नाही, हे विसरू नये.

ब्लीचिंग पावडर गाळल्यानंतरच टाकावी. आधी टाकल्यास लोहच ती खाऊन टाकते आणि जंतू मारावयास काही उरत नाही. पावडर टाकूनही साथ आटोक्यात का येत नाही, याचे उत्तर कित्येकदा एवढेच असते.

ठिबक सिंचन करणाऱ्या बागाईतदारांनाही हा विषय जवळचा आहे. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह असलेल्या पाण्याने तोट्या हटकून बुजतात. लोहावर वाढणारे जिवाणू नळ्यांत बुळबुळीत थर धरतात, तो निराळाच. असे पाणी थेट संचात न सोडता हौदात उंचावरून पाडावे, साका बसू द्यावा व मगच गाळणीकडे न्यावे.

अशा टाक्या बहुधा बांधणीमुळे नव्हे, तर देखभालीअभावी बंद पडतात. रेती चिकटली की धार मंदावते. मग कोणी तरी गाळणी वगळून थेट पंपाचे पाणी भरू लागतो. यास्तव रेती कोणी, कोणत्या वारी धुवावयाची हे टाकी बांधण्यापूर्वीच ग्रामसभेत ठरवून नोंदवून ठेवावे. धुण्याचे तांबडे पाणी विहिरीपासून दूर खड्ड्यात सोडावे.