बैल चार पायांवर उभा करायचा तर
(लेखमाला : मुलांच्या हातचं – लेखांक चौथा)

कागद आणि खळ आपण मागच्या लेखांकात संपवली. आता माती. ज्येष्ठ लागला की निपाणी-चिकोडीकडच्या बाजारांत कुंभारांच्या बैलजोड्या मांडलेल्या दिसतात. सीमाभागातल्या पोरांची या दिवसांत चंगळच असते. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, अमावस्येला कानडी घरांतली मण्णेत्तिन अमावास्या (तिला तर मातीचेच बैल पुजतात) आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. पहिल्या सणाला बैल बसकला, तर दुरुस्तीला पुढचा सण आहेच.

बाजारची जोडी जरूर घ्या, कुंभाराचं पोट त्यावर आहे. पण तिच्या शेजारी मुलाने केलेला एक ओबडधोबड बैलही पाटावर असू द्या.

माती कुठली घ्यायची, हा खरा प्रश्न. बेळगाव जिल्ह्यात तो मजेदार आहे, कारण पश्चिमेला खानापूरकडे तांबडी जमीन आणि पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी रानं. खानापूरच्या मातीवर कौलांचा धंदा उभा राहिला. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे. काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, हवा तो आकार लगेच घेते, म्हणून मुलांना तीच आवडते. आणि तीच दगा देते. तिच्यातल्या बारीक कणांच्या थरांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते. वाळताना ते पाणी निघून जातं आणि माती आक्रसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. तांबड्या मातीतले चिकण कण पाणी असं आत ओढून घेत नाहीत, त्यामुळे ती कमी आक्रसते. पण वळायला जरा हट्टी.

दोन्ही मिळाल्या तर मुलांना दोन्हींचे सारख्या मापाचे गोळे करून सावलीत ठेवायला सांगा. दोन दिवसांनी कुठला तडकला ते त्यांचं त्यांना कळेल. आपण आधी सांगून टाकायचं नाही. नुसती काळीच असेल, तर खडे काढून चाळा, भिजवून रात्रभर ठेवा आणि मळताना मूठ-दोन मूठ चाळलेली राख किंवा बारीक वाळू घाला. थोडं शेण किंवा बारीक केलेलं भुसकट घातलं की तंतू माती धरून ठेवतात. घरं सारवणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आता बैल. मुलं आधी डोकं करतात, मोठं करतात आणि बैल तोंडावर पडतो. सुरुवात धडापासून करावी. पाय वेगळे करून चिकटवण्यापेक्षा धडाच्याच गोळ्यातून खाली ओढून काढावेत, आखूड, जाड आणि जरा फाकलेले. वशिंडही वरून चिमटीत धरून उचलायचं. मान, शेपूट, शिंगं जोडावीच लागतात. तिथे दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावायचा आणि दाबायचं. नुसतं पाणी लावून चिकटवलेलं शिंग वाळल्यावर हमखास गळतं.

शिंगांचं दुखणं आणखी एक आहे. बारीक भाग आधी वाळतो, आधी आक्रसतो. पोट अजून ओलंच असतं. ओढाताण होते ती सांध्यावर. म्हणून शिंगांवर आणि कानांवर ओलं फडकं टाकून बैल सावलीत सावकाश वाळवायचा. लवकर वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवण्याचा मोह मोठ्यांनाच जास्त होतो. यावर एक पळवाटही आहे. मुलं सहसा खिलारी बैल करायला जातात, लांबसडक, मागे गेलेल्या शिंगांचा. तो देखणा खरा, पण कृष्णाकाठी बैल याच मुलखातला. अंगाने भारी आणि शिंगं आखूड. पाच-सहा वर्षांच्या पोराने कृष्णाकाठीच करावा.

डोळ्यांना जोंधळ्याचे दाणे ओल्या मातीत रोवा. गुंजा सुंदर दिसतात, पण त्या विषारी. चावून पोटात गेल्या तर जिवावर बेततं, लहान मूल असलेल्या घरात नकोतच. रंग पूर्ण वाळल्यावरच. अंगाला चुना, शिंगांना हुरमुंज किंवा काव, चाळलेली आणि पाण्यात थोडा डिंक घालून कालवलेली. झुलीला शिंप्याकडच्या चिंध्या पुरतात. चकचकीत ऑइलपेंट मला आवडत नाही. बैल दुकानातला दिसतो, आणि पूजेनंतर पाण्यात सोडला तर रंगाचे पापुद्रे तरंगत राहतात. न भाजलेला, चुना-कावेने रंगवलेला बैल बादलीतसुद्धा विरघळतो आणि त्याची माती कुंडीत जाते.

ज्या मुलाला जोडी करायची आहे त्याने दोन्ही बैलांची माती आधी तोलून घ्यावी. नाहीतर एक बैल आणि एक वासरू होतं.

उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात बंद ठेवा. आषाढातल्या मंगळवारी उत्तर कर्नाटकात मुली मातीची गुळ्ळव्वा मांडतात. पुढच्या लेखांकात ती करू. माती हीच चालेल.