एक फूल, दोन गिऱ्हाइके

हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्ग अभ्यासक १८४८ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पोहोचला आणि तिथे ११ वर्षे राहिला. कीटक गोळा करणे हेच त्याचे काम. तरीही हमिंगबर्ड पक्षी समजून त्याने अनेकदा बंदूक झाडली आणि हाती आला तो चक्क पतंग! फुलापुढे अधांतरी थांबायचे, मध प्यायचा आणि पुढच्या फुलाकडे झेपावायचे, सारे थेट पक्ष्यासारखे. तिथल्या लोकांची तर खात्री होती की एकाचाच दुसरा होतो.

हा पतंग हॉक मॉथ कुळातला. पक्षी आणि कीटक यांच्या वाटा ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. तेव्हा कोणालाच पंख नव्हते. उडणे दोघांनी आपापले कमावले, आणि ते किती वेगळ्या रीतीने! हमिंगबर्डच्या छातीचे दणकट स्नायू खांद्यापासून अख्खा पंख फिरवतात. पंख वर जाताना उलटा वळतो, त्यामुळे त्या फेरीतही वजन पेलले जाते. पतंगाचे मुख्य स्नायू मात्र पंखांना जोडलेलेच नसतात. ते छातीची पेटी दाबतात, ताणतात आणि तिच्या कडेला बसवलेले पंख आपोआप हलतात.

मध पिण्याची तऱ्हाही निराळी. पतंगाची सोंड म्हणजे सरळ नळी, एरवी गुंडाळून ठेवलेली. हमिंगबर्डची जीभ टोकाला दुभंगलेली असते. मधात ती उलगडते आणि बाहेर येताना मध पकडून आणते.

ऊर्जेचा हिशेब सर्वांत थक्क करणारा. थंडीत हॉक मॉथ आधी स्नायू थरथरवून छाती तापवतो, मगच उडतो. हमिंगबर्ड उष्ण रक्ताचा. पण इवल्या देहाची धग रात्रभर टिकवणे परवडत नाही, म्हणून तो शरीर थंड पडू देतो. अँडीजमधल्या एका जातीचे तापमान रात्री ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सकाळी तोही थरथरूनच ऊब मिळवतो.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. आपल्याकडचा शिंजीर पक्षी वेगळ्या कुळातला, आणि तो बहुधा फांदीवर बसूनच मध पितो. तेव्हा संध्याकाळी बाल्कनीतल्या फुलांपुढे ‘हमिंगबर्ड’ तरंगताना दिसला, तर त्याच्या डोक्याकडे नीट पाहा. दोन स्पर्शिका दिसल्या, की तो हॉक मॉथच.