फिरत्या घराची वीज (लेखांक ४) : टपावरची जागा आणि सौर पॅनेल

मागील लेखांकात दोन माणसांच्या लहान कॅम्पर व्हॅनला, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय करून घेतलेल्या गाडीला, पंखा, दिवे, मोबाइल-लॅपटॉपचे चार्जिंग आणि बारा व्होल्टचा छोटा फ्रिज मिळून दिवसाकाठी सुमारे ६०० वॅट-तास वीज लागते, असा हिशेब मांडला होता. ही वीज उन्हातून मिळवायची ठरली की खरेदीदाराचे लक्ष प्रथम पॅनेलवरील वॅटच्या आकड्याकडे जाते. वास्तविक गाडीच्या टपावर सपाट, मोकळी आणि सावलीत न येणारी जागा किती उरते, हे मोजल्याखेरीज त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

पॅनेलच्या पाठीवर छापलेला वॅटचा आकडा प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचणीचा असतो, आणि त्या चाचणीत प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॅट इतका प्रकाश पाडून पॅनेलमधील सौर घटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस राखलेले असते. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने जगापुढे ठेवलेला सिलिकॉनचा सौर घट पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांचेच विजेत रूपांतर करीत असे; आजची मोनोक्रिस्टलाइन पॅनेल, म्हणजे सिलिकॉनच्या एकसंध स्फटिकातून कापलेल्या घटांची पॅनेल, २० ते २२ टक्क्यांपर्यंत पोहोचतात. याचा अर्थ असा की, एक चौरस मीटर टपातून भर उन्हात २०० ते २२० वॅटपेक्षा अधिक मिळत नाहीत. मारुती ईकोसारख्या गाडीची एकूण लांबी ३.६७५ मीटर आणि रुंदी १.४७५ मीटर असली, तरी बॉनेट, पुढची काच आणि कडांचे उतार वगळता टपावर साधारण दोन ते सव्वादोन मीटर लांब आणि मीटरभर रुंद इतकाच सपाट भाग हाती लागतो. त्यातही हवा खेळती ठेवणारा टपावरचा पंखा बसवायचा असेल, तर आणखी दीड-दोन फूट लांबी त्याला द्यावी लागते. अशा टपावर १०० वॅटची दोन, फार तर तीन पॅनेल बसतात. तासाला सुमारे एक युनिट वीज खाणारा एसी टपावरच्या उन्हावर रात्रभर चालवण्याची कल्पना लहान व्हॅनपुरती सोडून देणेच योग्य होय.

घराच्या गच्चीवर वापरले जाणारे ५४० वॅटचे पॅनेल प्रति वॅट स्वस्त पडते, त्यामुळे तेच गाडीवर चढवण्याचा मोह होतो. ते सुमारे २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाचे असते. लहान व्हॅनचा जवळजवळ सगळा टप ते व्यापते, पंख्याला जागा ठेवत नाही आणि धक्के खाणाऱ्या पत्र्यावर काचेचा एवढा मोठा तुकडा आणून ठेवते. त्यापेक्षा लहान आकाराची दोन पॅनेल पंख्याच्या दोन्ही अंगांना बसवणे सोयीचे ठरते.

आता २०० वॅटच्या पॅनेलमधून दिवसाला किती वीज मिळेल, हे पाहू. दिवसभरात पडलेले सगळे ऊन चाचणीतल्या १००० वॅटच्या प्रखरतेने किती तास पडले असते, या मापाला सूर्य-तास म्हणतात, आणि महाराष्ट्रात त्याची वार्षिक सरासरी पाच ते साडेपाचच्या आसपास असते. उष्णता, धूळ, वायर व इतर उपकरणांतील घट धरून यातील ७० टक्के हाती येतात असे मानल्यास २०० वॅटमधून दिवसाला सुमारे ७०० वॅट-तास मिळतात, म्हणजे ६०० ची गरज भागते. मात्र कोकणातल्या जुलैत ढग दाटल्यावर हा हिशेब कोलमडतो आणि चालत्या इंजिनाकडून बॅटरी भरून घेण्याची सोय ठेवावीच लागते. हिशेबात धरलेल्या या ३० टक्के घटीत उष्णतेचा वाटा मोठा आहे. घटाचे तापमान २५ अंशांच्या वर एका अंशाने वाढले की त्याची शक्ती साधारण ०.३५ टक्क्याने कमी होते, आणि वैशाखातल्या दुपारी पॅनेलमधील घट ६५ अंशांपर्यंत सहज तापत असल्याने छापील शक्तीतले १४ टक्के तिथेच गळतात. पॅनेल आणि पत्रा यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरची मोकळी फट ठेवून खालून वारा खेळू देण्याचा आग्रह धरला जातो तो यासाठीच; त्या फटीमुळे पत्र्यावर सावली पडून गाडीही आतून कमी तापते.

युरोपातील व्हॅनवर पॅनेल तिरके उभे करण्याच्या चौकटी दिसतात, आणि त्यांचे अनुकरण इथेही होऊ लागले आहे. २१ डिसेंबरच्या माध्यान्ही लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो, त्यामुळे तेथे आडव्या पॅनेलवर ऊन नुसते घासून जाते. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो आणि उन्हाळ्यात तर डोक्यावरच येतो. महाराष्ट्रात फिरणाऱ्या गाडीला अशी चौकट म्हणजे अकारण वजन आहे. आडव्या पॅनेलवर धूळ अधिक साचते, एवढा तोटा मात्र खरा असून तो फडक्याने आणि बादलीभर पाण्याने दूर होतो.

लहान टपावर सर्वांत मोठी हानी करते ती सावली. बारा व्होल्टच्या व्यवस्थेसाठी बनवलेल्या नेहमीच्या पॅनेलमध्ये ३६ सौर घट एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेले असतात, आणि पाइपलाइन एका जागी दबली की पुढच्या सगळ्या शेताला पाणी कमी पोहोचते, तशी एका घटावर पान पडले की संपूर्ण माळेची विद्युतधारा अडते. शिवाय झाकलेला घट वीज निर्माण करण्याऐवजी इतर घटांची वीज स्वतःत जिरवून तापू लागतो. हे टाळण्यासाठी दर १८ घटांमागे एक बायपास डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी पर्यायी वाट, दिलेली असते. सावली पडताच ते १८ घट बाजूला सारले जातात. मात्र १८ व्होल्टच्या पॅनेलचा निम्मा भाग गेल्यावर उरतात सुमारे नऊ व्होल्ट, आणि नऊ व्होल्टमधून तेरा व्होल्टची बॅटरी भरता येत नाही, म्हणून समांतर जोडणीत, म्हणजे दोन पॅनेलची धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र जोडल्यास, ते पॅनेल एका पानापायी जवळपास पूर्ण निकामी होते. हीच दोन पॅनेल एकसर जोडली, तर एकूण ३६ व्होल्टपैकी सुमारे २६ शिल्लक राहतात आणि तीन चतुर्थांश शक्ती हाती येऊ शकते. ‘सावलीसाठी समांतर जोडणीच चांगली’ हा कारागिरांकडून सर्रास मिळणारा सल्ला म्हणूनच अर्धा खरा आहे: झाडाखाली एक पॅनेल संपूर्ण झाकले जात असेल, तर समांतर जोडणी सरस ठरते, पण पान, पक्ष्याची विष्ठा किंवा पंख्याच्या झाकणाची कडेची सावली असे लहान अडथळे असतील, तर एकसर जोडणी अधिक वीज वाचवते. लहान व्हॅनवर दुसरा प्रकार अधिक घडतो.

एकसर जोडणीचा लाभ घेण्यासाठी एमपीपीटी प्रकारचा चार्ज कंट्रोलर आवश्यक असतो. चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून बॅटरीला योग्य तेवढीच वीज देणारे उपकरण. त्यातील स्वस्त पीडब्ल्यूएम प्रकार पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर खेचतो आणि वरचे व्होल्ट वाया घालवतो, तर एमपीपीटी प्रकार पॅनेलला त्याच्या सर्वाधिक शक्तीच्या बिंदूवर चालवून जादा व्होल्टेजचे अधिक विद्युतधारेत रूपांतर करतो. या दुसऱ्या प्रकाराने ३० टक्के अधिक वीज मिळते, असा जाहिरातींचा सूर असतो, परंतु तापलेल्या पॅनेलचे १८ व्होल्ट मुळातच साडेपंधरापर्यंत उतरत असल्याने आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फरक १५ टक्क्यांच्या आसपास राहतो. उलट थंडीत व्होल्टेज वाढते: उघड्या तारांवर २२ व्होल्ट दाखवणारी दोन पॅनेल एकसर जोडून गाडी लडाखला नेली, तर उणे दहा अंशांच्या सकाळी ती ४८ व्होल्टच्या पुढे जाऊ शकतात, त्यामुळे ५० व्होल्ट मर्यादेच्या कंट्रोलरऐवजी ७५ किंवा १०० व्होल्टचा घेणे शहाणपणाचे ठरते.

पॅनेल काचेचे व ताठ असावे की वाकणारे, याबाबत निर्णय अवघड नाही. वाकणारे १०० वॅटचे पॅनेल दोन-तीन किलोंचे असते आणि गोलाकार टपावर बसते, पण पत्र्याला चिकटवल्यामुळे ते अधिक तापते आणि त्यातील घटांना बारीक तडे जाऊन लवकर खराब होते. सहा ते आठ किलोंचे, ॲल्युमिनियमच्या चौकटीतले पॅनेल शक्य असेल तिथे तेच घ्यावे. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब चौरस मीटरमागे सुमारे ४७ किलो वजनाइतका होतो, म्हणून पॅनेलची पुढची कड उघडी न ठेवता तिथे वारा वर ढकलणारी पट्टी लावावी. कॅरियरच्या दांड्यांना बोल्टने पॅनेल बांधणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय, कारण त्यात पत्र्याला भोक पडत नाही. वायर आत नेण्यासाठी एक भोक अटळ असते. त्याच्या कापलेल्या कडेला गंजरोधक रंग लावून वर जलरोधक ग्रंथी, म्हणजे वायरभोवती आवळली जाणारी टोपी, सिलंटसह बसवावी, अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात गळती आणि गंज दोन्ही सुरू होतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, म्हणून टपाला हात लावण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करून घ्यावी.

टपावरून कंट्रोलरपर्यंत चार चौरस मिलिमीटरची, उन्हात न तडकणारी सोलर वायर पुरते. कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत मात्र व्होल्टेज कमी आणि विद्युतधारा जास्त असल्याने सहा चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, तिची लांबी शक्य तेवढी कमी ठेवावी आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत २५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, सोडवताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, हा क्रम पाळावा. बॅटरीविना पॅनेलला जोडलेला कंट्रोलर बिघडू शकतो.