तेरा चोऱ्या झालेला कॅचर

क्रिकेटची मॅच असली की आपल्या कॉमन रूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. बेसबॉल लागला तर मात्र लगेच चॅनेल बदला म्हणून ओरडा होतो. तरीही मित्रांनो, या खेळातल्या एका माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते. ब्रँच रिकी त्याचं नाव.

बेसबॉलचा कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर, पण काम बरंच जास्त. बॅटरच्या मागे उकिडवं बसून तो खुणा करतो आणि कुठला चेंडू टाकायचा ते पिचरला सुचवतो. संघातले बाकीचे आठही जण त्याच्या समोर असतात, त्यामुळे सगळं मैदान दिसतं ते त्यालाच. शिवाय बेसची 'चोरी' रोखायची ती त्यानेच. पिचर चेंडू टाकत असतानाच बेसवरचा खेळाडू पुढच्या बेसकडे धूम ठोकतो. त्याला सेकंड बेसवर बाद करायचं, तर कॅचरला सुमारे १२७ फूट लांब फेक करावी लागते.

रिकी न्यूयॉर्क हायलँडर्सकडून (हेच पुढचे यँकीज) खेळत होता. २८ जून १९०७ ला दुखऱ्या खांद्याने तो मैदानात उतरला आणि वॉशिंग्टनने एकाच मॅचमध्ये त्याच्यावर १३ बेस चोरले! त्या मोसमानंतर त्याचं खेळणं जवळपास संपलंच. गड्याने मिशिगन विद्यापीठात कायद्याची पदवी घेतली, तिथल्याच टीमला कोचिंग केलं आणि पुढे संघ चालवण्याच्या कामात शिरला.

सेंट लुईस कार्डिनल्सकडे तेव्हा पैशांची बोंब होती. तयार खेळाडू विकत घेणं परवडेना. मग रिकीने छोट्या गावांतले संघ हाताशी धरले. पोरं तिथे तयार करायची आणि निवडक वर आणायची. हीच ती 'फार्म सिस्टीम'. १९२६ ते १९४२ या काळात कार्डिनल्सने चार वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. अर्थात याला दुसरी बाजूही आहे. पोरं करारात अडकून पडत. १९३८ मध्ये कमिशनर लँडिस यांनी अशा सत्तरहून जास्त खेळाडूंना मोकळं केलं.

रिकीचं सगळ्यात मोठं काम मात्र ब्रुकलिन डॉजर्समधलं. मोठ्या लीगमध्ये तेव्हा कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. ऑगस्ट १९४५ मध्ये त्याने जॅकी रॉबिन्सनला ऑफिसात बोलावलं आणि मैदानावर ऐकाव्या लागतील तशा शिव्या स्वतःच देऊन दाखवल्या. हे ऐकूनही हात न उचलता खेळशील का, हा खरा प्रश्न होता. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन मैदानात उतरला. शिव्या, धमक्या सगळं सोसलं त्याने. रिकीने फक्त दार उघडलं. आणि त्यातही, रॉबिन्सन ज्या मोनार्क्स संघाचा होता, त्याला रिकीने एक पैसाही दिला नाही.

आपल्या कामाची आणखी एक गोष्ट. १९४७ मध्येच त्याने ॲलन रॉथ नावाचा आकडेतज्ज्ञ पूर्णवेळ नोकरीला ठेवला. बॅटर किती हिट मारतो एवढंच न बघता तो किती वेळा बेसवर पोहोचतो हेही मोजा, असं ही जोडी सांगत होती. बाकीच्यांना ते पटायला कित्येक वर्षं लागली.

रिकी १९६५ मध्ये वारला. १९६७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, ती संघचालक म्हणून. त्या १३ चोऱ्याही रेकॉर्ड बुकात आहेतच.

तेव्हा यंदा कॉलेज टीमच्या यादीत नाव नाही आलं, तर रूमवर तोंड पाडून बसू नका. स्कोअररची वही मागून घ्या. खेळ तिथूनही दिसतो.