बॅकअप 'झाला' म्हणतोय, पण खरंच झाला का?

मागच्या व्हिडिओत आपण बॅच फाइल बनवली. दुकान बंद करताना एक डबल क्लिक, की हिशोबाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली होती.

आपल्या एका विद्यार्थ्याच्या दुकानात रोज संध्याकाळी स्क्रीनवर 'बॅकअप झाला' असं यायचं. हार्ड डिस्क गेली तेव्हा पेन ड्राइव्ह उघडला, तर शेवटची फाइल तीन महिन्यांपूर्वीची! पेन ड्राइव्हचं अक्षर मध्येच 'ई'चं 'एफ' झालं होतं. कॉपी रोज फेल जात होती, आणि पुढच्या ओळीतला मेसेज तरीही येत होता. तीन महिन्यांची बिलं पुन्हा बसून भरावी लागली.

असं का झालं? बॅच फाइल एक ओळ चालवते आणि पुढच्या ओळीवर जाते. आधीचं काम जमलं की नाही, हे ती आपणहून बघत नाही. ते आपण विचारायचं.

आपण वापरतो ती रोबोकॉपी हा विंडोजसोबत येणारा वेगळा प्रोग्रॅम आहे. असा बाहेरचा प्रोग्रॅम संपताना एक नंबर परत देतो. तो 'एररलेव्हल'मध्ये मिळतो. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ० म्हणजे सगळं ठीक. रोबोकॉपीचं मात्र वेगळं आहे:

० – कॉपी करण्यासारखं काही नव्हतं.
१ – फाइल्स नीट कॉपी झाल्या.
८ किंवा जास्त – काहीतरी फेल झालं.
१६ – मोठी चूक, एकही फाइल गेली नाही.

म्हणून '० नसेल तर फेल' असं लिहू नका, चांगला झालेला बॅकअपही फेल दिसेल. रोबोकॉपीच्या लगेच खालच्या ओळीत 'इफ एररलेव्हल ८' लिहा. याचा अर्थ '८ किंवा त्याहून जास्त असेल तर'. तिथे 'बॅकअप झाला नाही' असा मेसेज द्या आणि 'पॉज' टाका, म्हणजे विंडो लगेच बंद होणार नाही. अचूक स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे.

अजून तीन गोष्टी:

१. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर पूर्ण पाथ डबल कोट्समध्ये घाला.

२. फाइल उघडी राहिली असेल तर रोबोकॉपी ३०-३० सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करते! म्हणून 'आर' २ आणि 'डब्ल्यू' ५ द्या: दोनच प्रयत्न, मध्ये पाच सेकंद.

३. एका बॅच फाइलमधून दुसरी बॅच फाइल चालवायची असेल तर आधी 'कॉल' लिहा. नाहीतर दुसरी संपल्यावर पहिलीच्या उरलेल्या ओळी चालतच नाहीत.

आता परीक्षा घ्या. पेन ड्राइव्ह काढून ठेवा आणि बॅच फाइल चालवा. तरीही 'बॅकअप झाला' आलं, तर आजच दुरुस्त करा. जमलं नाही तर कमेंटमध्ये विचारा, मी आहेच.